गुरुवारचं पाळणाघर

"सहा वर्षांच्या आतलं मूल ज्यांना आहे, त्यांनी गुरुवारी येताना ते सोबत आणायचं," असं गायधनी साहेबांनी चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जाहीर केलं, तेव्हा बायकांना वाटलं, पोलिओचा डोस असेल.

गायधनी आमच्या कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर. हजेरी, रजा, युनिफॉर्म, दिवाळीचा मिठाईचा पुडा, सगळं त्यांच्याकडे. माणूस तसा वाईट नव्हता. अवघड काही सांगायचं असलं की शर्टाच्या खिशातलं पेन काढायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे. त्या दिवशी पेन सारखं वरखाली होत होतं.

"डोस नाही हो," ते म्हणाले. "पाळणाघर. आपलं पाळणाघर बघायला पाहुणे येणार आहेत."

आपलं पाळणाघर! कॅन्टीनमध्ये हसू फुटायचंच बाकी होतं.

आमची कंपनी अंबडच्या एमआयडीसीत. गाडीत दिव्यांपासून हॉर्नपर्यंत ज्या वायरा जातात, त्यांचे जुडगे आम्ही बनवायचो. वायर कापायची, टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, जुडग्याला टेप गुंडाळायची आणि शेवटी टेस्ट बोर्डावर लावून वीज नीट जाते का ते बघायचं. बोटांचं काम, म्हणून लाइनवर जवळजवळ सगळ्या बायका. इतक्या बायका असल्या की कारखान्यात पाळणाघर असावं लागतं, असा कायदा आहे. त्यामुळे ते होतं. कॅन्टीनच्या मागे एक खोली, दारावर पिवळ्या अक्षरांत 'पाळणाघर' आणि बाजूला बदकाचं चित्र. मी नोकरीला लागल्यापासून त्या खोलीत मूल कधी बघितलं नव्हतं. आत रिकामे खोके, मोडक्या खुर्च्या आणि कंपनीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर. एक पाळणाही होता, त्यात दिव्यांच्या माळा ठेवलेल्या.

दोन हजार एक साल होतं. उद्योजकांच्या एका संघटनेनं त्या वर्षी कामगारांच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्या कारखान्याला बक्षीस द्यायचं ठरवलं होतं, आणि आमच्या शेठना ते हवं होतं. त्यासाठी मागच्याच महिन्यात आरोग्य सप्ताह झाला. डोळे तपासले, बीपी बघितलं. एक योगवाल्या बाई आल्या आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना म्हणाल्या, डोळे मिटा आणि आपल्या आवडत्या जागी आहोत अशी कल्पना करा. माझ्या शेजारची छाया तिथेच झोपली. सप्ताह चांगला झाला असं नोटीस बोर्डावर लागलं.

छाया टेपिंगला होती. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. तिनं हात वर केला.

"साहेब, माझा आठवीत आहे. चालेल का?"

"नाही चालणार."

"मग नणंदेचं आणू? दीड वर्षाचं आहे, गुटगुटीत."

गायधनी साहेबांनी यावर खरंच विचार केला. "आणा. पण ते तुम्हाला मामी म्हणत असेल तर पाहुण्यांसमोर..."

"ते अजून कुणालाच काही म्हणत नाही, साहेब."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली होती. गुरुवारी सृष्टी दिवसभर माझ्याजवळ असेल.

सृष्टी माझी मुलगी, नऊ महिन्यांची. रजा संपल्यावर तिला आमच्याच गल्लीतल्या भागुबाईंकडे ठेवायला लागले. सिडकोत उत्तमनगरला आमचं घर. मी सकाळी कंपनीची बस पकडायची ती अंधार पडायच्या जरा आधी परत. ज्ञानेश, माझा नवरा, ओझरला कामाला, तो माझ्याही आधी निघायचा. सासूबाई मनमाडला, सासऱ्यांचं सगळं अंथरुणात, त्यांना सोडून त्या येणार कशा? आई मालेगावला शाळेत शिक्षिका, तिची नोकरी चालू. राहिल्या भागुबाई.

भागुबाईंकडे आणखीही मुलं असायची. घर स्वच्छ, बोलणं गोड. तक्रारीला जागा नाही. पण संध्याकाळी मी जायचे तेव्हा सृष्टी झोपलेली असायची. रोज. हाक मारली तरी डोळा उघडायची नाही, मान खांद्यावर नुसती पडायची. घरी आणलं, दिवा लावला, भांडी वाजवली तरी नाही. आणि तिच्या तोंडाला एक गोडसर वास यायचा, खोकल्याच्या औषधासारखा. एकदा मला भागुबाईंच्या स्टोव्हमागे काळपट बाटली दिसली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती व्हय? माझ्या खोकल्याची हाय," भागुबाई म्हणाल्या. "पोरीला दात येत्यात, बाई. दातात पोरं अशीच झोपत्यात. तुमी पहिलटकरीण, तुमाला लय काळजी."

दात येताना मुलं रडतात, जागतात. झोपतात कुठे? हे मी ज्ञानेशला म्हटलं तर तो म्हणाला, "तू फार वाचतेस. बरं, दुसरी बाई शोध." दुसऱ्या बाया मी शोधल्या होत्या. एकीच्या दारात उघडी टाकी, एकीच्या घरात कुत्रं, एकीनं मला विचारलं, मुलगी मार खाऊन गप्प बसते ना? मग ज्ञानेश म्हणाला, नोकरी सोड. म्हणताना त्यालाही माहीत होतं, त्याचं काम कंत्राटावर आणि माझं पर्मनंट. शिवाय मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. टेस्ट बोर्ड माझ्या हाताखाली होता, आणि मला ते काम आवडायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लहान मूल असलेल्या बाईनं काम आवडतं म्हणायचं नसतं.

आणि दूध. पहिली सुट्टी जवळ आली की छाती दगडासारखी व्हायची. ब्लाउजच्या आत रुमाल घड्या करून ठेवायचे. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा आणि पिळून टाकायचं. बेसिनमधून ते पांढरं पाणी वाहून जाताना बघितलं की असा संताप यायचा, आणि तो काढायचा कुणावर तेच कळायचं नाही. मागून कुणीतरी दार वाजवायचं, "झालं का गं?"

गुरुवारी बसमध्ये ड्रायव्हरनं आम्हा मुलंवाल्यांना पुढच्या सीट दिल्या. गेटवर वॉचमन कारभारी उभे, ते एरवी डब्याची पिशवीसुद्धा उघडून बघायचे. त्या दिवशी त्यांनी मुलांना टाटा केला.

खोली ओळखू येत नव्हती. डिस्टेंपरचा ताजा वास, खाली सतरंजी, भिंतीवर हत्ती काढलेला, तीन पाळणे. कोपऱ्यात खेळणी रचलेली, पण सगळी प्लॅस्टिकमध्ये. स्टोअरचा माणूस दारात उभा राहून सांगत होता, "प्लॅस्टिक काढू नका कुणी, संध्याकाळी दुकानात परत द्यायचंय." कमळाबाईंचा तीन वर्षांचा राज एक लाल मोटार प्लॅस्टिकवरूनच सतरंजीवर चालवत होता. कमळाबाई क्रिम्पिंगला, म्हणजे टर्मिनल दाबायच्या मशीनवर. बोलायच्या फार कमी.

आणि आया होत्या नवसाबाई. म्हणजे रोज शॉप, आमचा कामाचा हॉल, झाडणाऱ्या नवसाबाईच, फक्त कडक निळी साडी, खांद्यावर पिन.

"बसायला खुर्ची दिलीय, हेमाताई," त्या माझ्या कानाशी लागल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. झाडू कॅन्टीनच्या मागं लपवून ठेवलाय."

त्यांनी सृष्टीला घेतलं आणि मी बोर्डावर गेले. दोनदा येऊन तिला पाजून गेले. एवढंच. जाऊन यायला वेळ तो किती लागतो? पण त्या दिवशी माझी छाती ठणकली नाही. मान घड्याळाकडे वळली नाही. जुडगे एकामागून एक बोर्डावर चढत होते आणि चूक असेल तर बोर्डावरचा दिवा लागायच्या आधीच माझ्या लक्षात येत होती. बाळंतपणानंतर इतकं नीट काम मी केलं नव्हतं. मला वाटलं, हे कुणीतरी बघायला हवं. पाहुण्यांनी हत्ती नाही, हे बघायला हवं.

पाहुणे जेवणाच्या सुट्टीआधी आले, तेव्हा मी सृष्टीला पाजून नुकती उठत होते. दोन पुरुष आणि एक बाई. हातमागाची साडी, चेहरा प्रेमळ. सोबत शेठ आणि गायधनी साहेब. छायाच्या नणंदेच्या मुलानं कुणी विचारायच्या आत सरळ त्या बाईंच्याच कडेवर उडी घेतली. "कुणाचं हे?" बाईंनी हसत विचारलं. "माझं," छाया म्हणाली. "अगदी बापावर गेलंय." मागे कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. सृष्टी त्यांच्या गळ्यातल्या मण्यांना हात घालत होती, चांगली टक्क जागी.

"किती फ्रेश आहे गं! रोज आणता का हिला?"

गायधनी साहेबांचं पेन खिशातून निघालं.

मी ठरवून काही बोलले नाही. तोंडातून आलं. "नाही मॅडम. आज पहिल्यांदाच आणलंय. हे पाळणाघर आजच उघडलंय."

शेठ भिंतीवरच्या हत्तीकडे बघायला लागले.

"म्हणजे रिनोव्हेशन केलं ना आपण," गायधनी साहेब हसत म्हणाले. "नव्या स्वरूपात आजच. आणि या सोनवणे मॅडम रजेवरून नुकत्याच जॉइन झाल्यात."

"अच्छा!" बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "पहिला दिवस आईलाच जड जातो हो. बाळ रमतं. होईल तुम्हालाही सवय."

आणि पुढे गेल्या. मी खरं बोलले होते, शब्दाला शब्द खरं, आणि त्याचं काहीही झालं नाही. खोटं बोलले असते तर निदान स्वतःवर चिडता आलं असतं.

त्या संध्याकाळी सृष्टी घरभर रांगत होती. डबे ओढले, लसूण विस्कटला, ज्ञानेशच्या पायाला धरून उभी राहायला बघितलं. तो चहाचा कप वर धरून म्हणाला, "आज हिला झालंय काय?"

"आज हिला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "रोज होतंय."

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदा त्याला माझं म्हणणं दिसलं.

शुक्रवारी सकाळी मी भागुबाईंच्या दारावरून तशीच पुढे गेले. सृष्टी कडेवर, खांद्याला दुपट्यांची पिशवी. बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आज पण?" आणि पुढची सीट दिली नाही. मी मागे बसले.

गेटवर कारभारी आडवे आले. "कालचं होतं ना ते, ताई?"

"काल होतं आणि आज नाही? दारावर बोर्ड आहे की."

"बोर्ड लय वरसांपासून हाय."

"मग झालं तर."

त्यांनी मागे साहेबांच्या खिडकीकडे बघितलं, सृष्टीकडे बघितलं. "जा," म्हणाले. "मी बघितलं नाय."

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून दिसत होतं, सतरंजी गेली, खेळणी गेली, मखर परत आलं होतं, हत्तीच्या सोंडेला टेकून उभं. नवसाबाई झाडू घेऊन कॉरिडॉरमध्ये. रोजच्या साडीत.

"ती निळी?" मी विचारलं.

"घेतली की परत. धुऊन द्यायला लावली वर," त्या म्हणाल्या. "आन् तू खुळी हायस का हेमाताई, पोर घेऊन आलीस?"

मी गायधनी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर होते. सृष्टीला बघून फोन ठेवला.

"अहो सोनवणे मॅडम. तुम्ही शिकलेल्या. इतर बायकांचं मी समजू शकतो."

"साहेब, चावी द्या. मी आणि नवसाबाई मिळून आवरतो खोली."

"आवरण्याचा प्रश्न नाही. आया कोण? नवसाबाई तिथं बसली तर शॉप कोण झाडणार? नवीन माणूस घ्यायला शेठ नाही म्हणतात. मी काय मागितलं नाही? मागच्या वर्षी मागितलं, यंदा मागितलं. ते म्हणतात, बायका घरी सोय करून येतात, उगाच सवय कशाला लावता."

"काल तर लावली."

"काल वेगळं होतं." पेन निघालं, परत गेलं. "आणि कंपनी करतेय ना तुमच्यासाठी? आरोग्य सप्ताह केला. ताणतणावावर अख्खा तास ठेवला होता, खास महिलांसाठी."

"मी आज ताण सोबतच आणलाय साहेब, दाखवायला," मी म्हटलं. "तिथं डोळे मिटायला सांगितले होते, म्हणून दिसला नसेल."

हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा आखडला. "हाफ डे घ्या आणि घरी जा."

पण ते होणार नव्हतं. बाहेर माल न्यायला ट्रक लागला होता, जुडगे टेस्ट होऊन जायचे होते आणि बोर्डावर दुसरं कुणी बसवायचं तर शिकवण्यात दिवस जाणार. सुपरवायझर दोनदा दारातून डोकावून गेला. गायधनी साहेबांनी कपाळ चोळलं.

"आजच्या दिवस ठेवा जवळ. मी काही बघितलेलं नाही."

त्या कंपनीत त्या दिवशी कुणीच काही बघितलं नाही.

कनेक्टरचा एक मोठा रिकामा खोका होता. त्यात फोमचे तुकडे घातले, वर दुपटं आणि सृष्टीला बसवलं, बोर्डाखाली, माझ्या पायाशी. येता-जाता बायका वाकून बघायच्या. कुणी गाल ओढायची, कुणी नाक मुरडायची. छाया टेपिंग सोडून आली.

"हेमांगी, तुझं कौतुक आहे. पण तुझ्या या नाटकापायी उद्या सगळ्यांना नियम लागतील. आत्ता मुलगा आजारी म्हटलं की तासभर सोडतात तरी. तेही बंद झालं तर?"

"मी नाटक करतेय?"

"मग काय करतेयस? आमची पोरं वाढलीच ना? तुलाच काय ती जगावेगळी पोरगी झालीय!"

हे मला सगळ्यात जास्त लागलं. गायधनी बोलले ते बोलले. छायानं बोलावं? बाळंतपणात माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणणारी ही बाई. मी जुडगा बोर्डावर दाबून लावला, इतका जोरात की पिन वाकली.

कमळाबाई तेवढ्यात टर्मिनलचा ट्रे ठेवायला आल्या. खोक्याकडे बघत जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मी एक डोळा दिव्यांवर आणि एक खाली ठेवून काम करत होते. म्हणजे दोन्हीकडे अर्धवट. एक जुडगा चुकीचा पास केला आणि सुपरवायझरनं तो परत आणून टाकला. मी तो उलगडून बघत होते, वायरींचे रंग मोजत, आणि खालचा आवाज थांबला. सृष्टी मघापासून स्वतःशीच 'ब्ब ब्ब' करत होती, ते थांबलं.

मी खाली बघितलं. तिचं तोंड बंद होतं आणि गाल हलत होते.

कशी वाकले, कसं तिला उलटं केलं, काही आठवत नाही. बोट घातलं. जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी टोकदार लागलं, सरकलं, मग पुन्हा लागलं. बाहेर आलं ते पितळी टर्मिनल. नखाएवढं, दोन टोकं वर आलेली. लाळेबरोबर थोडं रक्त. सृष्टीनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. मी तिथेच फरशीवर बसले.

मान वर केली तर गायधनी साहेब समोर उभे, ट्रकचं काहीतरी विचारायला आलेले. त्यांनी सगळं बघितलं होतं. चेहरा पांढराफटक.

"कुणी बघितलं?" त्यांचा पहिला शब्द हा.

आणि मग स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. ते खाली बसले, माझ्यासमोर, उकिडवे, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये. "गिळलं नाही ना? आणखी नाही ना काही तोंडात? बघा. नीट बघा." माझ्या हातातलं टर्मिनल त्यांनी घेतलं आणि तळहातावर धरून बघत राहिले. लाइन थांबली होती. छाया पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली आणि माझ्यावरच ओरडली, "अगं पदर ओला कर आणि तोंड पूस तिचं!"

सुटी व्हायच्या आधी साहेब पुन्हा आले. मला एका बाजूला घेतलं. हातात चावी.

"उद्यापासून खोली उघडा. नवसाबाईला सांगतो, झाडून झालं की ती बसेल. शेठना मी आत्ता काही सांगत नाही. पण हे फक्त तुमच्यासाठी. बाहेर बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं. थँक यू, साहेब," मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं, आणि बसमध्ये बसेपर्यंत त्याचीच चीड यायला लागली. थँक यू कशाचं? पोरीच्या घशात पितळ जाता जाता राहिलं त्याचं?

कमळाबाई शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या कधी बसायच्या नाहीत. त्रिमूर्ती चौक आला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "साहेब काय म्हणले?"

मी चावी पर्समध्ये दाबून धरली होती. "काही नाही" असं म्हणणं किती सोपं होतं. एक खोली, एक आया, एक मूल. कुणाला कळलं नाही तर टिकेलही.

"तुमच्या राजला कोण बघतं?" मी विचारलं.

"मोठी बघती."

"मोठी म्हणजे?"

"चौथीत होती. आता घरीच आसती."

उत्तमनगरचा थांबा आला. उठता उठता मी म्हटलं, "उद्या राजला घेऊन या. आणि मोठीला शाळेत पाठवा."

रात्रभर मला वाटत राहिलं, आपण मूर्खपणा केला. ज्ञानेश म्हणाला, "आधी आपलं तरी बसू द्यायचं होतंस." त्याचं बरोबर होतं. मलाही तेच वाटत होतं. पण झालं ते झालं.

दुसऱ्या दिवशी कारभारींनी दोघींना बघितलं आणि डोक्यावरची टोपीच काढली. "आता दोन पोरं म्या कशी बघितली नायत म्हणू?"

खोली आम्ही आवरली. मखर मी, कमळाबाई आणि नवसाबाईंनी उचलून कॅन्टीनच्या माळ्यावर टाकलं. सतरंजी नव्हती, कमळाबाईंनी घरून गोधडी आणली होती. फरशी मी हातानं चाचपली, पाळण्याखाली, कोपऱ्यात, दाराच्या फटीत. दोन टर्मिनल आणि एक खिळा सापडला.

भोंगा व्हायला आला आणि गायधनी साहेब दारात.

"सोनवणे मॅडम, मी तुमच्यापुरतं म्हटलं होतं."

"हो साहेब."

"मग हे काय?"

"हा राज," मी म्हटलं. "परत पाठवायचं असेल तर तुम्हीच सांगा त्याच्या आईला. मला नाही जमणार."

कमळाबाई गोधडीची घडी उलगडत होत्या. थांबल्या, पण वर बघितलं नाही. राजनं साहेबांना विचारलं, "तुमी ड्रायवर हाय का?" नवसाबाईंना हसू आवरेना. भोंगा झाला. बाहेर लाइन सुरू व्हायची आणि बोर्डावर कुणी नाही.

"आठवडाभर," गायधनी साहेब शेवटी म्हणाले. "पुढचं सोमवारी बघू."

बक्षीस आम्हाला मिळालं. शेठनी भाषण केलं, आपल्या कंपनीत महिलांना माहेर वाटतं असं म्हणाले. सगळ्यांना स्टीलचा डबा दिला. पाळणाघराबद्दल लेखी हुकूम काही निघाला नाही, आया म्हणून कुणाला नेमलं नाही. नवसाबाई पहाटे लवकर येऊन झाडून घ्यायच्या आणि मग मुलांपाशी बसायच्या, पगार तोच. "झाडू बी माजा, पाळणा बी माजा," म्हणायच्या, आणि मला मान वर करून त्यांच्याकडे बघायला लाज वाटायची. मी हे साहेबांना बोलले, तर ते म्हणाले, "एकदम सगळं मागू नका हो. आहे तेही जाईल."

भागुबाई गल्लीत भेटल्या की विचारायच्या, "कंपनीत पोर खोक्यात ठेवत्यात म्हणं?" त्या बाटलीत काय होतं, ते मला कधी कळलं नाही. सृष्टी संध्याकाळी जागी असायची, एवढं खरं.

आणि दर सोमवारी मी केबिनमध्ये जायचे. "साहेब, या आठवड्यात आहे ना?" ते म्हणायचे, "बघू." म्हणजे हो. मी थँक यू म्हणायचे. हळूहळू आणखी मुलं आली, छायाच्या नणंदेचंसुद्धा, नणंद कंत्राटावर लागली होती म्हणून. पण विचारायला मीच जायचं. दर रविवारी संध्याकाळपासून हेच डोक्यात. नाही म्हणाले तर? शेठना कळलं असेल तर? इतक्या बायकांपैकी कुणालाही वाटायचं नाही की एखाद्या सोमवारी आपण जावं. "तुझं ते ऐकतात," म्हणायच्या. ऐकत काय होते?

एका सोमवारी केबिन बंद होती. गायधनी साहेबांच्या मुलीला कांजिण्या झाल्या होत्या, घरी बघायला कुणी नाही म्हणून त्यांनी रजा टाकली होती. विचारायला माणूस नाही. छाया म्हणाली, "मग आज काय करायचं?" मी म्हटलं, "काय करायचं? उघड." आम्ही खोली उघडली.

पुढच्या सोमवारी ते आले होते. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत ते फोनवर बोलताना ऐकू येत होते. मी दारापर्यंत गेले, सृष्टी कडेवर. आणि काही न विचारताच वळले. तिला नवसाबाईंकडे दिलं आणि बोर्डावर जाऊन उभी राहिले. कुणी बोलवायला आलं नाही. दिवसभर मी जुडगे लावत होते, दिवे बघत होते, आणि कान सगळा वेळ कॅन्टीनच्या मागे होता, आत्ता कुणीतरी येईल आणि कुलूप लावायचा आवाज होईल म्हणून.